पंक्तिप्रपंच

शहरातील खाण्यापिण्याच्या नव्या थाटाचा विषय निघाला म्हणजे सुशिक्षित घरांतून दोन आक्षेप हमखास ऐकू येतात. पहिला काटकसरीचा: महिन्याच्या किराण्याला लागावेत एवढे पैसे एका रात्रीच्या जेवणावर उडविणे हे कसले लक्षण? दुसरा परंपरेचा: वरणभात, भाकरी, पुरणपोळी टाकून आमची मुले ज्यांची नावेही धड उच्चारता येत नाहीत असे पदार्थ खात सुटली आहेत, तेव्हा घराचे वळण राहिले कोठे? हे दोन्ही आक्षेप कळकळीचे असतात. परंतु माझ्या मते या विषयातील खरा नैतिक प्रश्न त्या दोहोंच्याही पलीकडे आहे. आणि तो नीट दिसावा म्हणून प्रथम या आक्षेपांचे मोल ठरविणे अवश्य आहे.

सुखोपभोग हा स्वतः दोष नव्हे. ज्याचे नाव पाश्चात्त्य जगात चैनी खवय्यास विशेषण म्हणून चिकटले, त्या एपिक्युरसचा नेहमीचा आहार साधी रोटी आणि पाणी एवढाच होता. मेजवानी करावीशी वाटली तर तो मित्राकडे थोडेसे चीज मागवी, असे त्याच्या चरित्रकाराने नमूद केले आहे. सुख नाकारावे असे त्याचे म्हणणे नव्हते. थोडक्यातही ते चवीने घेता येते, एवढेच तो सांगे. डेव्हिड ह्यूम याने तर १७५२ साली चैनीवर लिहिलेल्या निबंधात असे प्रतिपादन केले की, जेथे उपभोग सुसंस्कृत होत जातात तेथे उद्योग, ज्ञान आणि माणुसकी ही तिन्ही बरोबरीने वाढतात. उपभोग सदोष ठरतो तो त्याच्यापायी कर्तव्याला आणि औदार्याला काही उरेनासे होते तेव्हाच. ही मर्यादा मान्य केली तर कोणी कोणत्या हॉटेलात किती पैसे दिले याची उठाठेव इतरांनी करण्याचे कारण नाही.

परंपरेचा आक्षेप तर याहूनही कच्चा आहे. एकादशीला सोवळ्याने शिजणारी साबूदाण्याची खिचडी घ्या. हल्ली ज्या कंदापासून आपल्याकडे साबूदाणा करतात तो कंद, त्यात पडणारा बटाटा, शेंगदाणा आणि हिरवी मिरची, ही चारही अमेरिका खंडातून समुद्र ओलांडून आलेली पिके होत. वडापावातील पावाची तर ओळखच पोर्तुगीज शब्दाने होते. जी खिचडी आज उपवासाला चालते तीही एके काळी नवी टूमच असली पाहिजे. म्हणून पदार्थ परका आहे, एवढ्यावरून त्याला दोष देता येत नाही.

मग दोष, असलाच तर, कोठे आहे? माझ्या समजुतीने या प्रश्नाची किल्ली आपल्याच भाषेतील एका शब्दात आहे: पंक्तिप्रपंच. एका पंगतीस बसलेल्यांत डावे-उजवे करणे, जावयाच्या पानावर तुपाची धार सैल सोडणे आणि टोकाला बसलेल्या गरीब आश्रिताच्या पानावर हात आखडणे, याला आपल्या समाजाने हे नाव दिले आणि ते निंदाव्यंजक ठरविले. सर्वांची पाने वाढून झाल्याखेरीज कोणी घास उचलावयाचा नाही, एका पानावर जे पडेल ते सर्व पानांवर पडले पाहिजे, हा पंगतीचा धर्म होता. त्यात समतेचे एक खरेखुरे बीज होते.

परंतु हे बीज कुंपणाच्या आत पेरलेले होते, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. पंगतीच्या आत समता आणि पंगतीच्या कडेला भिंत, अशी ती व्यवस्था होती. ज्यांनी चुलीपाशी बसून रांधले त्या स्त्रिया सर्वांच्या मागून जेवत. ज्यांनी पत्रावळी उचलल्या त्यांच्या वाट्याला उष्टे येई. ही भिंत किती उंच होती याची साक्ष पुण्याच्या ग्रामण्यप्रकरणाने दिलेली आहे. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये झालेल्या एका समारंभात चहा-बिस्किटे पुढे आली. उपस्थितांत रानडे, टिळक, गोखले यांच्यासारखी माणसे होती. गोपाळराव जोशी यांनी ती नावे छापून आणताच शहरभर वादळ उठले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्तांचा घोळ पुढे दोन वर्षे चालला. एका चहाच्या पेल्यासाठी त्या काळातील एवढ्या मोठ्या माणसांना धर्मपीठापुढे उत्तर द्यावे लागले. चहा तर दूरच, साधे पाणी पिण्याचा हक्क प्रस्थापित करण्यासाठी १९२७ साली डॉ. आंबेडकरांना महाडास सत्याग्रह करावा लागला.

ही भिंत पाडण्याच्या कामी शहरी हॉटेलाने जो हातभार लावला त्याची आपल्या सामाजिक इतिहासात पुरेशी नोंद झालेली नाही. पॅरिसमध्ये अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘रेस्तोराँ’ हा शब्द शक्तिवर्धक रश्शावरून त्या रश्शाच्या दुकानाला लागला. पूर्वी भटारखान्यात ठरल्या वेळी एकाच लांब मेजावर जे पुढे येईल ते सर्वांनी खावयाचे असे. या नव्या गृहात प्रत्येकास वेगळे मेज, हवी ती वेळ आणि किंमत छापलेली यादी मिळू लागली. ही कल्पना मुंबईत इराण्यांच्या हॉटेलांनी सर्वसामान्यांच्या आवाक्यात आणली. १९०४ सालचे कयानी, १९२३ सालचे ब्रिटानिया अशी त्यांतील काही नावे आजही टिकून आहेत. संगमरवरी मेज, काळ्या लाकडी खुर्च्या, चहा आणि ब्रुनमस्का. समोरच्या खुर्चीवर कोण येऊन बसेल याचा नेम नाही, आणि त्याला जात विचारण्याची सोय नाही.

अर्थात हे सर्वत्र आपोआप घडले नाही. ‘ब्राह्मणांची खाणावळ’ अशा पाट्याही त्याच काळात लटकत होत्या, आणि गावोगावच्या चहाच्या दुकानांत अस्पृश्यांचा पेला बाहेर वेगळा टांगलेला असे. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी गंगाराम कांबळे यांना भांडवल देऊन हॉटेल काढावयास लाविले आणि त्यांच्या ‘सत्यसुधारक’ हॉटेलातला चहा स्वतः लवाजम्यासह जाऊन घेतला. बरोबरच्या उच्चवर्णीय मानकऱ्यांनाही अर्थातच तो घ्यावा लागला. कायद्याच्या कलमाने जे साधले नसते ते त्या कपाने साधले. मंदिराआधी हॉटेलाचे दार उघडले, असे म्हटले तरी फारशी अतिशयोक्ती होणार नाही. हे दार नाण्याने उघडले होते. नाण्याला जात नसते, हा त्याचा गुण.

परंतु नाण्याला उंची असते, आणि येथून आपल्या प्रश्नाला आरंभ होतो. जुन्या पंगतीत आत समता होती व दाराशी भेद होता. नव्या हॉटेलाने दाराशी समता आणली, पण आतला पंक्तिधर्म त्याने स्वीकारला नाही. जोवर हॉटेल स्वस्त होते तोवर हे न्यून जाणवले नाही. आता हॉटेल जसजसे थाटाचे होत चालले आहे तसतसा दारावरचा पहारेकरी पुन्हा उभा राहिला आहे. फरक एवढाच की तो आता गोत्र न विचारता पादत्राणे पाहतो.

मुंबईचे गिरणगाव हे याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. कोकण-घाटावरून एकटे आलेले कामगार तेथे बायकांनी चालविलेल्या खाणावळींत महिन्याच्या हिशेबाने जेवत. त्या खाणावळवाल्यांना सावकाराच्या कचाट्यातून सोडविण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. १९८२ च्या जानेवारीत सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरण्यांबरोबर ते जगही विरत गेले. आज परळ-महालक्ष्मीच्या त्याच आवारांत, गिरणीचे जुने छप्पर नि उघड्या विटा शोभेसाठी तशाच राखून, भारी उपाहारगृहे आणि पानगृहे उभी आहेत. दहा-दहा छोट्या तबकड्यांचे जेवण तेथे मिळते, आणि एका पानाची किंमत ते वाढणाऱ्याच्या कित्येक दिवसांच्या मजुरीइतकी असते. स्वयंपाक उत्तम असतो, हे कबूल करणे न्यायाचे आहे. कित्येक तरुण आचारी आपल्याकडील रानभाज्या, कोकम, तांदळाचे जुने वाण यांचा मोठ्या आस्थेने अभ्यास करीत आहेत. माझा आक्षेप त्या तबकडीवर नाही. ती तबकडी खाणाऱ्याच्या मनात जी भावना निर्माण करते, तिच्यावर आहे.

व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली दाखवून दिले की, कित्येक वस्तूंचे मोल त्यांच्या उपयोगात नसून त्या इतरांना परवडत नाहीत यात असते. या दृष्टीने आपल्या भाकरीचे चरित्र पाहावे. १९७२ च्या दुष्काळात परदेशची तांबडी मिलो ज्वारी आणि कामावर मिळणारी सुकडी यांवर महाराष्ट्रातील लक्षावधी माणसे जगली. त्या पिढीला हे शब्द आजही बोचतात. पुढे २०२३ हे वर्ष जगभर भरड धान्यांचे वर्ष म्हणून पाळले गेले आणि ज्वारी-नाचणी तारांकित हॉटेलांच्या यादीत मानाने जाऊन बसली. धान्य तेच, फक्त खाणारा बदलला. इराण्याच्या हॉटेलाचेही तेच झाले. मुंबईत ती एकामागून एक बंद पडत असता, लंडनमध्ये २०१० साली त्यांच्याच धर्तीवर ‘डिशूम’ निघाले आणि त्याच्या दारापुढे रांगा लागल्या.

गोडाचीही गत हीच. पूर्वी गोडाला तिथी असे: संक्रांतीला तिळगूळ, होळीला पोळी, चतुर्थीला मोदक. तिथी सर्वांची असल्यामुळे त्या दिवशी गरिबाच्या घरीही गुळाचा खडा फुटे. आता गोडाला तिथी उरली नसून लाट आहे. २०१३ साली न्यूयॉर्कात ‘क्रोनट’साठी पहाटेपासून माणसे उभी राहिली, अलीकडे पिस्ते आणि कुनाफा भरलेल्या दुबईच्या चॉकलेटाने आमच्या मिठाईवाल्यांनाही वेड लाविले. लाट आली की आधी छायाचित्र, मग घास. तिथीला उशीर झाला तरी मोदक गोडच लागे. लाटेला उशीर झाला की तोच पदार्थ बेचव ठरतो. यावरून येथे रुची जिभेची नसून दृष्टीची आहे, हे उघड होते.

पेयांच्या बाबतीत तर आपला न्याय उघडउघड दुटप्पी आहे. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अद्याप अमलात असून त्याप्रमाणे मद्यपानास परवाना लागतो. खेड्यापाड्यांतील स्त्रिया ‘आडव्या बाटली’ला मते देऊन दुकाने बंद करवितात, तेव्हा आपण त्यांचे कौतुक करतो आणि देशी दारूच्या दुकानापुढील मजुराला व्यसनी म्हणतो. मात्र नाशिकच्या द्राक्षासवाचा गंध हुंगून त्यावर चर्चा करणाऱ्यास आपण रसिक म्हणतो. दोघांच्या पोटात जाते ते मूलतः एकच द्रव्य; भाषा तेवढी वेगवेगळी वाढली जाते.

येथे कोणी विचारील, कापड, घर, वाहन या सर्वांतच पैशाप्रमाणे भेद असतो; मग अन्नानेच काय पाप केले? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, अन्न हे माणूस माणसाच्या हातून, समोरासमोर घेतो. विणकर आपल्यासमोर उघडा उभा नसतो. वाढपी मात्र भुकेला उभा असू शकतो. एकट्यासाठी रांधणारा पाप खातो, असे गीता सांगते. एकटा खाणारा पापाचा एकटाच धनी होतो, असा ऋग्वेदाचाही आशय आहे. या वचनांत संपत्तीचा हिशेब नाही. जो समोर आहे त्याच्याकडे पाठ फिरवून खाऊ नये, एवढाच दंडक आहे.

आणि नव्या थाटाने नेमकी हीच पाठ फिरविणे सोपे केले आहे. घरपोच अन्न आणणारा तरुण भर उन्हात दहाव्या मजल्यावर येतो, पण कित्येक इमारतींत त्याला रहिवाशांचा पाळणा वर्ज्य असतो. मार्च २०२४ मध्ये ‘झोमॅटो’ने शुद्ध शाकाहारी ग्राहकांसाठी हिरव्या पोशाखाचे वेगळे वाहक नेमण्याचे जाहीर केले, टीका होताच दुसऱ्याच दिवशी पोशाखाचा भेद मागे घेतला. तांबड्या पोशाखाच्या मुलांना एखाद्या वसाहतीत मज्जाव होईल, हे भय त्यामागे होते. १८९० च्या चहाच्या पेल्यापासून आपण किती दूर आलो, याचे मोजमाप त्या एका दिवसात झाले.

कांट हा एकटा जेवणे तत्त्वचिंतकाला अपायकारक मानी. जेवणाऱ्यांची संख्या तिघांहून कमी नि नवांहून अधिक नसावी, असे त्याने १७९८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सांगितले आहे. त्याच्या पंगतीत संभाषण उत्तम चाले. पण वर्षानुवर्षे सेवा करणारा त्याचा नोकर लाम्पे त्या संख्येत कधी धरला गेला नाही. प्रत्येक माणूस स्वतःच साध्य आहे, केवळ साधन नव्हे, असे ज्याने जगाला शिकविले त्याच्याही मेजाची गणती तेथे थांबली. म्हणून हा दोष कोणा एका देशाचा वा काळाचा आहे, असे समजण्याचे कारण नाही.

तात्पर्य, नव्या हॉटेलांत जाऊ नये असे मी म्हणत नाही. मुलांना खुशाल न्यावे, नवे पदार्थ चाखावेत. पण जातांना दोन प्रश्न मनात न्यावेत. हे मी खाल्ले असे कोणालाही कळणार नसेल, तरी मी ते खाईन काय? आणि जो मला वाढतो आहे, तो गिऱ्हाईक म्हणून शेजारच्या मेजावर येऊन बसला तर माझ्या घासाची गोडी कमी होईल काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ आणि दुसऱ्याचे ‘नाही’ असेल, तर त्या जेवणाला कितीही पैसे पडोत, ते निर्दोष आहे. उत्तरे उलटी येत असतील, तर तेथील पदार्थ कितीही उंची असले तरी आपण केवळ जुन्या पंक्तिप्रपंचाला नवे मेज घालून बसलो आहोत, असेच म्हणावे लागेल.