छंदाचे खाते

दिवाळीच्या पाडव्याला व्यापारी नव्या वहीवर हळदकुंकू वाहतो. आपल्या वहीत छंदाचे खाते मात्र दरसाल पुढे ओढलेले असते. शेरा एकच, ‘सवड नाही’!

ही सबब मला पटत नसे. रोह्यात बालपण घालवलेले चिंतामणराव देशमुख १९४३ ते १९४९ रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते, पुढे १९५० ते १९५६ देशाचे अर्थमंत्री. तरी त्यांनी ‘मेघदूत’ मराठीत आणले, संस्कृतात काव्यही केले.

पण पेणला गेले की माझा हा निकाल डळमळतो. तिथे कलाच पोटाला बांधलेली. शाडू, साचे, रंग. आणि एका बैठकीत कारागीर कितीतरी गणपतींचे डोळे आखतो. त्याला ‘छंद कोणता?’ म्हणून विचारावे, तर तो हसेल! देशमुखांची कविता विकली गेली नाही म्हणून त्यांची चूल अडणार नव्हती. याची मूर्ती मात्र चतुर्थीपूर्वी खपलीच पाहिजे. मग मोकळा हात कोणाचा?

तरी हाच माणूस एखाद्या पितांबराच्या चुणीवर उगीच रेंगाळतो. गिऱ्हाइकाला ती दिसणारही नसते, आणि त्या रेंगाळण्याची मजुरी त्याला कोणी देत नाही. ती घटका मी कोणत्या खात्यावर मांडू?