एथन : नवे वाटणारे जुने नाव



स्नानसंस्काराच्या विधीत धर्मगुरू आईवडिलांना पहिलाच प्रश्न विचारतात तो बाळाच्या नावाचा. उत्तर ‘एथन’ असे आले, की बाकांवर कुजबुज सुरू होते. हा कोणता संत? आजोबांचे नाव काय वाईट होते? आपण हसतो, पण प्रश्न रास्त आहे. १९१७ च्या कॅनन लॉनुसार आईवडिलांनी संताचे नाव दिले नाही, तर धर्मगुरूंनी ते जोडावे अशी तरतूद होती. १९८३ च्या संहितेतील ८५५ वा नियम एवढेच सांगतो, की ख्रिस्ती भावनेला परके असे नाव देऊ नये.

एथन परका नाही. ‘मिशन इम्पॉसिबल’च्या नायकामुळे ते नाव आपल्या कानी पडले असेल, तरी त्याचे घर जुन्या करारात आहे. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ बळकट, टिकून राहणारा. बारमाही वाहणाऱ्या ओढ्यालाही तोच शब्द लावतात. आमोस संदेष्टा न्यायाला अशाच प्रवाहाची उपमा देतो (५:२४). आपल्याकडचे पावसाळी ओहोळ उन्हाळ्यात कसे आटतात ते आठवा, म्हणजे या नावाचे मोल कळेल.

शलमोनाचे शहाणपण केवढे, हे सांगताना एथान एज्राहीचे नाव घेतले जाते (१ राजे ४:३१). ८९ वे स्तोत्र त्याच्याच नावावर आहे. नाताळच्या जागरण मिस्सात आणि १९ मार्चला, संत योसेफाच्या सणाला आपण ते प्रतिसाद म्हणून ऐकतो. मात्र तेव्हा वाचली जातात ती फक्त दाविदाला दिलेल्या वचनाची आनंदी कडवी. ३८ व्या वचनापासून सूर पालटतो. मुकुट धुळीत पडला आहे, तट मोडले आहेत, शेजारी हसत आहेत. देवा, तुझी ती पूर्वीची प्रीती कुठे गेली, असे हा ‘बळकट’ माणूस देवालाच विचारतो. घरात आजारपण आले, नोकरी गेली, की आपणही हेच विचारतो आणि मग आपली श्रद्धा डळमळली म्हणून खजील होतो. एथान खजील होत नाही. त्याचे भांडण देवाशीच आहे. तो पाठ फिरवून निघून गेलेला नाही.

त्या तक्रारीला स्तोत्रात उत्तर मिळत नाही. लगेच देवाचा धन्यवाद येतो, पाठोपाठ दोनदा ‘आमेन’, आणि स्तोत्रसंहितेचा तिसरा ग्रंथ तिथेच संपतो.