न ऐकू येण्याचा पुरावा

एखादी गोष्ट आढळली नाही, एवढ्यावरून ती नाहीच असे म्हणता येते का? ईश्वराविषयीचा आपल्याकडचा वाद शतकानुशतके या प्रश्नापाशी येऊन अडतो. प्रत्यक्ष दिसेल तेवढेच मानणारा चार्वाक म्हणतो, दिसत नाही म्हणून नाही. त्याला मिळालेले उत्तर कितपत पक्के आहे हे पाहायला बिघडलेला जुना लाउडस्पीकर फार उपयोगी पडतो, असे मला वाटते. कारण तिथे हाच प्रश्न लहान होऊन हाताशी येतो आणि त्याचा निकालही लावता येतो.

अमेरिकेतल्या केंब्रिजच्या अकूस्टिक रिसर्च कंपनीने १९६७ साली आणलेला एआर-३ए घ्या. हवाबंद लाकडी पेटी, खालच्या स्वरांसाठी १२ इंची वूफर, मधल्या स्वरांसाठी छोटा घुमट, उंच स्वरांसाठी पाऊण इंची ट्वीटर, आणि पाठीमागे या शेवटच्या दोन्हींची पातळी ठरवणारी दोन बटणे. इतक्या वर्षांनी तो घरात लावला की पुष्कळदा झांजांची किणकिण गायब असते, सतारीवरचा नखीचा आघात बोथट लागतो. लगेच निदान होते: ट्वीटर गेला. थोडा सावध माणूस आधी डाव्या-उजव्या तारांची अदलाबदल करून पाहतो. मुका स्पीकर तरीही मुकाच राहिला, तर अ‍ॅम्प्लिफायर सुटला. आपल्या तर्कशास्त्रातला अन्वय-व्यतिरेक, म्हणजे कारण असता कार्य असणे आणि नसता नसणे, तो हाच. मग तो मागच्या टर्मिनलांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवतो. वूफर ‘टक्’ करून हलतो, ट्वीटरमधून काही येत नाही, आणि निदानावर शिक्कामोर्तब होते. हा शिक्का मात्र खोटा आहे. ट्वीटरच्या वाटेवर एक कपॅसिटर बसवलेला असतो, तो सेलचा एकाच दिशेने वाहणारा प्रवाह अडवून धरतो. मागून मल्टिमीटर लावला तरी तेच: काट्यावर दिसणारे ओहम वूफरचे असतात. ट्वीटर धडधाकट असता तरी या तपासणीत तो जवळजवळ असाच गप्प राहिला असता.

शेवटच्या वाक्यातच सारे आहे. कुमारिल भट्टाच्या परंपरेतले मीमांसक अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे, हे ज्ञानाचे स्वतंत्र साधन मानतात. न्यायदर्शनाचे नैयायिक तसे मानत नाहीत, पण एका अटीवर दोघांचे जुळते: वस्तू असती तर ती आढळलीच असती, अशी परिस्थिती हवी. हिला योग्यता म्हणतात. उजेडात, उघड्या डोळ्यांनी जमिनीवर घडा दिसला नाही तर घडा नाही. अंधारात दिसला नाही तर काहीच सिद्ध होत नाही. मिथिलेच्या उदयनाचार्य या नैयायिकाने ‘न्यायकुसुमांजली’त चार्वाकाला याच जागी पकडले आहे. न दिसणे एवढाच पुरावा धरला, तर घराबाहेर पडलेल्या चार्वाकाने बायकामुले नाहीशी झाली म्हणून रडत बसायला हवे! एआर-३एच्या बाबतीत योग्यता आणायची तर वूफर काढून पेटीत हात घालावा लागतो. पातळीच्या बटणांमागचे पॉट, म्हणजे कमीजास्त करता येणारे रोधक, बाहेर काढले की त्यांच्या तारेच्या वेटोळ्यावर आणि सरकत्या पट्टीवर बहुधा गंजाचा थर सापडतो. बटण फिरवताना एखाद्या जागी खरखर होऊन स्वर आले आणि लगेच गेले, तर ती याचीच खूण. बारीक पॉलिशपेपरने पट्टी घासली की ‘गेलेला’ ट्वीटर पुष्कळदा बोलू लागतो. कधी तो खरोखरच उडालेला असतो. पण ते ठरते तो जोडणीतून मोकळा करून थेट मीटर लावल्यावर.

यावर कोणी म्हणेल, मग शंकेला अंत कुठे? मीटरच बिघडला असेल, ऐकणाऱ्याचा कानच उतरला असेल. कानाची शंका तर रास्तच आहे, वय वाढते तसे उंच स्वर आधी हातचे जातात. पण जोडीतला दुसरा, चालू स्पीकर शेजारी असतो. त्याच्यातली किणकिण ऐकू येत असेल तर कान सुटला. त्याच्या ट्वीटरवर काटा हलत असेल तर मीटर सुटला. त्यापुढेही शंका ताणणारा माणूस तहान लागली की पाणीच पितो. ज्या शंकेला माणसाची स्वतःची कृती खोडून काढते ती टिकत नाही, हेही उदयनाचेच म्हणणे आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: योग्यतेची ढाल भुताखेतांनाही मिळेल. ‘आहे, पण तुम्हाला दिसण्याजोगे नाही,’ असे कोणीही म्हणू शकेल. म्हणू शकेल खरे, पण त्यातून त्याच्या पदरात काही पडत नाही. पेटी न उघडता ट्वीटर चांगला आहे असे छातीठोकपणे सांगणाराही चूकच करतो. उदयनाला हे पुरते ठाऊक होते. म्हणून चार्वाकाचा युक्तिवाद मोडून तो थांबला नाही. जग हे कार्य आहे, तेव्हा त्याला कर्ता हवा, अशी स्वतंत्र अनुमाने त्याने मांडली. स्पीकरचा दाखलाही इथे संपतो, कारण ईश्वराला जोडणीतून मोकळे करून मीटर लावता येत नाही. ती अनुमाने मला पटत नाहीत. घड्यामागे कुंभार असतो हे आपण पाहिलेले आहे, जगांमागे कर्ते असतात हे कोणी पाहिलेले नाही. पण हा आक्षेप अनुमानाच्या व्याप्तीवरचा, म्हणजे कार्य आणि कर्ता यांच्यात धरलेल्या अटळ संबंधावरचा आहे. ‘शोधला, सापडला नाही’ हे कारण मी त्यात धरत नाही, कारण कोणत्या पेटीत, कोणत्या मीटरने शोधायचे होते, ते मला सांगता येत नाही.