थंड ज्योत आणि न भरणारी जखम

हे सावकाश वाचा. घाई असेल तर आत्ता बाजूला ठेवा, रात्री निवांत वाचा.

आधी एक श्वास घ्या, नेहमीसारखाच. अर्धा लिटरभर हवा आत गेली. तीत नायट्रोजन होता, प्राणवायू होता, आणि एक टक्क्याहून किंचित कमी आर्गॉन होता. मोजला तर चहाच्या चमच्याएवढा भरेल. आता श्वास सोडा. आर्गॉन जसा आत गेला तसाच बाहेर आला. तो कशाशी जोडला जात नाही, काही मागत नाही, काही देत नाही. 1894 साली रॅले आणि रॅम्झी या शास्त्रज्ञांनी त्याला हवेतून वेगळं काढून दाखवलं, तोवर तो असल्याचंही कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. जन्मल्यापासून आपल्या छातीतून ये-जा करत आलेल्या या निरिच्छ वायूवर मन थोडा वेळ ठेवा.

आता कल्पनेने जर्मनीच्या ईशान्येला, बाल्टिक समुद्राजवळच्या ग्राइफ्सवाल्डला चला. जुनं, 1456 पासूनच्या विद्यापीठाचं गाव आहे. तिथल्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत लेखणीसारखं धरता येणारं एक उपकरण घडलं, किनपेन. 2013 पासून युरोपात ते जखमांवरच्या उपचारासाठी वापरायला मान्यता आहे. त्याच्या नळीतून हाच आर्गॉन वाहतो. आत सुईसारख्या इलेक्ट्रोडला उच्च वारंवारतेची वीज दिलेली असते, आणि टोकातून सेंटीमीटरभर लांबीची निळसर-जांभळी ज्योत बाहेर येते. तिच्यासमोर आपलं बोट धरलं आहे असं समजा. मागे घेऊ नका. टोकाशी तापमान चाळीस अंशांच्या आत आहे. कोमट झुळूक लागावी, तेवढंच जाणवेल.

ज्योतीतला हा वायू म्हणजे प्लाझ्मा, रक्तातल्या प्लाझ्माशी संबंध नसलेला. विजेने त्यातल्या काही अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे केले आहेत. फार थोड्यांचे, लाखात एखाद्याचे किंवा त्याहूनही कमी. पण हे सुटे इलेक्ट्रॉन विलक्षण तापलेले आहेत. त्यांचं तापमान दहा हजार अंशांच्या वर जातं, आणि सूर्याच्या पृष्ठभागाचं साडेपाच हजारांच्या आसपास आहे. मग बोट भाजत का नाही?

उत्तराकडे लगेच धावू नका. फुलबाजी आठवा. तिची ठिणगी तापून पांढरी झालेली असते, तरी मनगटावर पडली तर जेमतेम टोचते आणि विझते, कारण एवढ्याशा कणात उष्णता साठायला जागाच नसते. इलेक्ट्रॉन तर कणाहून कण. आर्गॉनचा अणू त्याच्या सुमारे 73 हजार पट जड. इलेक्ट्रॉन त्याच्यावर आपटतो आणि आपली ऊर्जा जवळपास सगळी घेऊनच परततो. म्हणून इलेक्ट्रॉन तप्त राहतात आणि वायू थंड राहतो, एकाच जागी, एकाच क्षणी. प्रखर असूनही न जाळणारं असं काही सृष्टीत असू शकतं, हे मला अजूनही मनोमन नमस्कार करावासा वाटणारं सत्य आहे. ते डोक्यात घोळू द्या.

ज्योत टोकाबाहेर आली की भोवतालच्या हवेत मिसळते. इलेक्ट्रॉन प्राणवायूच्या, नायट्रोजनच्या, बाष्पाच्या रेणूंवर आदळून ते फोडतात आणि त्यातून चपळ, अल्पायुषी रेणू जन्मतात: हायड्रॉक्सिल, नायट्रिक ऑक्साइड, ओझोन. काही जखमेच्या ओलाव्यात उतरतात आणि तिथे हायड्रोजन पेरॉक्साइड, नायट्राइट अशा रूपांत थोडे टिकतात. जिवाणूंना हे झेपत नाही; प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणूही यापुढे नमतात.

इथपर्यंत ही जंतू मारण्याची गोष्ट वाटेल. पण आता लक्ष ज्योतीवरून काढून स्वतःच्या शरीरात न्या.

भाजी चिरताना कधी बोट कापलं असेल, तो क्षण आठवा. वेदनेपाशी रेंगाळू नका, त्यानंतर काय झालं ते पाहा. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जखमेकडे धावल्या आणि जंतूंना गिळून त्यांच्यावर जे सोडू लागल्या, त्यात हेच हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. पण त्यांना जखम कुठे आहे हे कुणी सांगितलं? 2009 साली झेब्राफिशच्या पिलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. (हा पट्ट्यापट्ट्यांचा बोटभर मासा मूळचा आपल्याच उपखंडातल्या ओढ्यांतला.) पिलाच्या शेपटीला इजा होताच, काही मिनिटांत, जखमेच्या काठाच्या पेशी स्वतःच हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करू लागल्या. ते काठापासून आत पसरत गेलं आणि पांढऱ्या पेशी त्या दिशेने निघाल्या. म्हणजे ज्याने जंतू मरतो त्यानेच, अगदी थोड्या प्रमाणात, मदतीची हाक दिली जाते. नायट्रिक ऑक्साइडचंही असंच. रक्तवाहिन्या सैल करणारा निरोप म्हणून शरीर ते स्वतः बनवतं. त्या शोधासाठी 1998 चं नोबेल दिलं गेलं.

ज्योतीतून शरीरात उतरतं ते शरीराच्या ओळखीचंच. माझ्या मते या सगळ्या शास्त्राचा गाभा इथे आहे. आणि इथेच धोकाही आहे, कारण मात्रा वाढली की हेच रेणू आपल्या पेशींनाही मोडतात. म्हणून ज्योत चौरस सेंटीमीटरमागे अर्धं ते एक मिनिटच फिरवतात.

आता ज्याच्यासाठी हे सगळं, त्याच्याजवळ जाऊन बसा. बरीच वर्षं मधुमेह असलेला एखादा माणूस. तळपायाला जखम आहे, महिनोन् महिने ड्रेसिंग चालू आहे. साखरेने पायाच्या नसा बधिर केल्या आहेत, त्यामुळे चप्पल लागली तेव्हा त्याला कळलंच नाही. रक्तपुरवठा तुटपुंजा आहे. जखम पहिल्याच टप्प्यावर अडकली आहे: लाली, सूज, स्राव, आणि पुढे काही नाही. नवं मांस भरत नाही, काठावरून कातडी सरकत नाही. घरातलं कुणी रोज पट्टी सोडवतं, पाहतं आणि काही न बोलता पुन्हा बांधतं. त्या घरातल्या शांततेपाशी थोडं थांबा. आपल्यापैकी पुष्कळांना ती ठाऊक आहे.

अशाच रुग्णांवर जर्मनीत एक चाचणी झाली, 2020 साली तिचे निष्कर्ष आले. रुग्ण 43. नेहमीचे उपचार सगळ्यांनाच दिले. त्यावर काहींना प्लाझ्मा, काहींना प्लाझ्माचा केवळ आभास. प्लाझ्मा मिळालेल्यांच्या जखमा लवकर आणि जास्त आकसल्या, उपचाराचा अपाय कुणाला दिसला नाही. पण जखमांतल्या जंतूंची संख्या मोजली, तर दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता.

हे वाक्य पुन्हा वाचा. जंतू तेवढेच, तरी जखम लहान झाली. त्याआधी, 2010 साली, म्युनिककडच्या डॉक्टरांनी आणि शास्त्रज्ञांनी 36 रुग्णांवर आर्गॉनच्याच प्लाझ्माने जंतू सुमारे 34 टक्के कमी झाल्याचं दाखवलं होतं. तेव्हा जंतूंवर परिणाम होत नाही असं नाही. पण भरून येणं तेवढ्याने समजत नाही. अडकून पडलेल्या पेशींना विसरलेला निरोप पुन्हा मिळत असावा, ही समजूत मला अधिक पटते. मांस भरतं ते शरीरच भरतं. ज्योत त्याला जागं करते आणि बाजूला होते.

43 माणसं म्हणजे फार नाहीत, हेही मनात असू द्या. कर्करोगावर प्लाझ्मा वापरण्याचे प्रयत्न तर अजून सुरुवातीच्या चाचण्यांतच आहेत. तिथे आशा ठेवावी, शब्द देऊ नये. सुरकुत्या घालवायला पार्लरमध्ये ‘प्लाझ्मा पेन’ म्हणून जे वापरतात ते कातडी जाळणारं निराळं यंत्र आहे, त्याला या उपचाराचं नाव चिकटवू नका. आणि मधुमेहाच्या जखमेवर कोणतीही ज्योत एकटी पुरत नाही. साखर आटोक्यात, मेलेलं मांस काढलेलं, पायावरचा भार उतरवलेला, रक्तपुरवठा तपासलेला, एवढं झाल्यावरच तिची पाळी.

भारतात दहा कोटींच्या आसपास लोकांना मधुमेह आहे. तुम्ही त्यांतले असाल, किंवा घरात कुणी असेल, तर आज झोपण्याआधी दिव्याखाली पाय पाहा. तळवे, टाचा, बोटांच्या बेचक्या. वाकून दिसत नसेल तर आरसा घ्या, किंवा घरच्यांना पाहायला सांगा. फोड, चीर, कुरूप, काळसर डाग, काहीही दिसलं तर दुखत नाही म्हणून सोडू नका; दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.