कर्ज लिहून ठेवा

सोलापुरात दोन-चार यंत्रमाग चालविणारा कारागीर सूत घेण्यासाठी अनेकदा स्वतःच्या नावावर वैयक्तिक कर्ज काढतो, पत्नीचे दागिने गहाण ठेवतो. टॉवेल-चादरींचे पैसे अडकले की हप्ता घरखर्चातून जातो. व्याज तर अल्लाहने निषिद्धच केले आहे. परंतु बिनव्याजी उसनवारीही आपण तोंडीच करतो. पवित्र कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत (२:२८२) कर्ज लिहून ठेवण्याविषयीच आहे. वारसांचे हिस्से कर्जफेडीनंतरच ठरतात (४:११). नोंदच नसेल तर मुलांनी काय फेडावे? म्हणून आजच प्रत्येक देणे मुदतीसह वहीत लिहा, पत्नीला दाखवा. सधन बांधवांनो, तुम्ही कर्ज-ए-हसना द्या; अडचणीतल्या ऋणकोला सवलत द्या (२:२८०). अल्लाह आपणा सर्वांना ऋणमुक्त ठेवो. आमीन.