प्रारब्ध की माणसाची करणी? ‘फँड्री’ आणि दुःखाच्या कारणाचा प्रश्न

कष्टकरी कुटुंबाच्या हलाखीचे कारण कुठे शोधायचे, हा भारतीय धर्मविचारातला जुना प्रश्न आहे. त्याची उत्तरे ढोबळमानाने तीन. पहिल्या उत्तराप्रमाणे हे मागच्या जन्मीच्या कर्माचे भोग आहेत, दुसऱ्याप्रमाणे ही देवाची इच्छा किंवा त्याने घेतलेली परीक्षा आहे आणि तिसऱ्याप्रमाणे ही माणसांनी माणसांसाठी लावलेली व्यवस्था आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरचे (ता. करमाळा) नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ हा चित्रपट एका कुटुंबाची गोष्ट सांगताना या तिन्ही उत्तरांची कसोटी घेतो.

‘फँड्री’ २०१३ च्या मुंबई चित्रपट महोत्सवात दाखवला गेला आणि १४ फेब्रुवारी २०१४ रोजी प्रदर्शित झाला. ६१ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत मंजुळे यांना पदार्पणातील दिग्दर्शनासाठीचा इंदिरा गांधी पुरस्कार मिळाला, तर चित्रपटातल्या जब्या या मुलाची भूमिका करणाऱ्या सोमनाथ अवघडेला बालकलाकाराचा. गोष्ट गावाबाहेर राहणाऱ्या माने या कैकाडी कुटुंबाची आहे. बाप कचरू (किशोर कदम) टोपल्या विणतो, मिळेल ते काम करतो आणि गावाने सांगितले की डुकरे पकडतो. मुलीच्या लग्नासाठी त्याला हुंड्याचे पैसे उभे करायचे आहेत. शाळकरी मुलगा जब्याचा जीव वर्गातल्या शालूवर जडला आहे. काळ्या चिमणीची राख तिच्या अंगावर टाकली तर ती वश होते, या समजुतीने तो रानोमाळ गलोल घेऊन हिंडतो. जत्रेत नवे कपडे घालून तो नाचू पाहतो, तेव्हा त्याच्या डोक्यावर गॅसबत्ती येते. पुढे सबंध कुटुंबाला शाळेजवळ डुकराच्या मागे धावावे लागते आणि गावकरी बसून मजा बघतात. डुक्कर हाताशी आलेले असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. सगळे कुटुंब जागच्या जागी उभे राहते आणि डुक्कर निसटते.

या कुटुंबाच्या दुःखाला कर्मसिद्धान्ताकडे तयार उत्तर आहे. या सिद्धान्तात कर्माचे तीन भाग मानतात. साठलेले ते संचित, त्यातले फळ देऊ लागलेले ते प्रारब्ध आणि आत्ता घडत असलेले ते क्रियमाण. छांदोग्य उपनिषदाच्या पाचव्या अध्यायात चांगल्या आचरणाने उच्च वर्णात आणि वाईट आचरणाने कुत्रा, डुक्कर किंवा चांडाळ यांच्या योनीत जन्म मिळतो, असे सांगितले आहे. डुक्कर आणि चांडाळ तिथे एकाच पंक्तीत येतात. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात हाच सिद्धान्त ईश्वराचा बचाव म्हणून मांडला. जगात इतकी विषमता असेल तर ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरतो, हा आक्षेप. त्यावर त्यांचे उत्तर असे की ईश्वर पावसासारखा आहे. पाऊस सगळ्या शेतांवर सारखाच पडतो, पीक मात्र बियाण्याप्रमाणे येते. पहिल्या जन्मी विषमता कुठून आली, या पुढच्या शंकेला संसार अनादि आहे, म्हणजे पहिला जन्म असा नाहीच, हे उत्तर दिले जाते.

या मांडणीची ताकद नाकारता येत नाही. जग अंदाधुंद चालत नाही, केलेले वाया जात नाही आणि आजचा भोग कधीतरी सरतो, एवढा धीर ती देते. पण ज्या कृत्याची आठवण नाही, पुरावा नाही आणि जे खोडून काढायची सोय नाही, त्याची शिक्षा भोगणाऱ्याला न्याय मिळाला असे म्हणणे कठीण आहे. शिवाय दोष भोगणाऱ्याच्याच गाठीला बांधला की भोगायला लावणारा मोकळा होतो. कचरूला डुकरामागे धाडणारे हात दिसत असताना कारण मात्र दिसत नसलेल्या जन्मात शोधले जाते.

जन्मालाच गुन्हा ठरवण्याचे काम केवळ धर्मग्रंथांनी केलेले नाही. ब्रिटिश सरकारच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. कैकाडीही त्या कक्षेत आले. सोलापुरात अशा जमातींसाठी तारेच्या कुंपणाची वसाहत होती आणि तिथल्या माणसांना गिरण्यांच्या कामाला लावले जाई. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये हा कायदा रद्द झाला. विदर्भाबाहेरच्या महाराष्ट्रात कैकाडींची नोंद आज विमुक्त जातींत होते. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ (१९८०) या आत्मकथनाने हे जगणे मराठी वाचकांपुढे आणले. कायद्याची भाषा प्रशासनाची आणि उपनिषदाची मोक्षाची असली, तरी बाळ जन्मण्याआधीच त्याच्या नावावर दोष लिहिण्याची रीत दोन्हीकडे सारखीच दिसते.

दुसरे उत्तर भक्तीचे. त्याचा सर्वांत जिवंत दाखला सोलापूर जिल्ह्यातल्याच मंगळवेढ्याचा आहे. चोखामेळा, पत्नी सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा आणि मेहुणा बंका हे सबंध कष्टकरी कुटुंबच अभंगकर्ते होते. परंपरेप्रमाणे १३३८ मध्ये मंगळवेढ्याच्या गावकुसाचे बांधकाम चालू असताना भिंत कोसळली आणि इतर मजुरांबरोबर चोखोबा तिच्याखाली गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरास आणून महाद्वारी समाधी बांधली. चोखोबांच्या काही अभंगांत आपला जन्म पूर्वकर्माचे फळ असल्याचा स्वर आहे. सोयराबाई मात्र विटाळाच्या कल्पनेलाच हात घालते आणि विटाळाविना देह कुणाचा, असे विचारते. कर्ममेळा तर हीन जातीचा ठपका सरळ विठ्ठलावर ठेवतो. बापाच्या पिढीत जे प्रारब्ध होते, ते मुलाच्या पिढीत देवाला विचारलेला जाब झाले. ‘फँड्री’तही बापाने सोसायचे आणि मुलाने चिडायचे, अशीच विभागणी आहे. वर्गात गुरुजी चोखोबांचाच अभंग शिकवतात. बाहेरच्या जगात त्या शिकवणीचा जब्याला काडीचा उपयोग होत नाही.

देवाला जाब विचारल्याने देवळाचे दार मात्र उघडले नाही. पंढरपूरचे मंदिर दलितांना खुले व्हायला १९४७ च्या मे महिन्यातले साने गुरुजींचे उपोषण लागले. म्हणजे चोखोबांच्या समाधीपासून गाभाऱ्यापर्यंतच्या काही पावलांना सहाशेहून अधिक वर्षे लागली. देवाची इच्छा म्हणून जे सोसले, ते माणसांच्या निर्णयाने संपले. म्हणून त्याचा आरंभही माणसांच्याच निर्णयात असणार, हा निष्कर्ष टाळता येत नाही.

तिसऱ्या उत्तराची एक वाट बसवेश्वरांच्या शरण परंपरेतून जाते.   बाराव्या शतकात बसवेश्वरांनी ‘कायक’ हा विचार मांडला. प्रामाणिक श्रम हीच पूजा आणि कोणतेही काम हलके नाही, असा त्याचा गाभा. तलाव खोदवणारे सोलापूरचे सिद्धराम पुढे याच शरणांत सामील झाले. बसवेश्वरांच्या कल्याण नगरीत समगार (चर्मकार) हरळय्याचा मुलगा आणि ब्राह्मण मधुवरसाची मुलगी यांच्या विवाहावरून रक्तपात झाल्याचे परंपरा सांगते. श्रमाला प्रतिष्ठा द्यायची तर सोयरिकीपर्यंत जावे लागते, हे शरणांनी ओळखले होते आणि राज्यसत्तेला खुपले ते नेमके हेच.

मग कचरूचे डुकरे पकडणे कायक म्हणायचे का? कामाच्या दृष्टीने त्यात कमीपणा काही नाही. अंगमेहनत आहे, कसब आहे आणि गावाची गरजही भागते. पण कायकात काम आणि मान एकत्र येतात. इथे काम एकाच घराच्या वाट्याला येते, ते नाकारायची सोय नसते आणि केल्यावर हसे होते. निवड नसलेल्या श्रमाला पूजा म्हणणे म्हणजे सक्तीला गंध लावण्यासारखे आहे. ‘काम हलके नसते’ हे वाक्य खरे ठरायचे, तर ते काम करणाऱ्याला सोडताही आले पाहिजे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा मुद्दा सर्वांत स्पष्ट केला. ‘दि अनटचेबल्स’ (१९४८) हा ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला आणि पुढे संतपरंपरेत न थांबता ते बुद्धाकडे वळले. निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त त्यांनी नाकारला. गरिबांच्या स्थितीची जबाबदारी राज्याला आणि समाजाला झटकता यावी, याखेरीज त्या सिद्धान्ताचा दुसरा हेतू दिसत नाही, असा त्यांचा रोख आहे. दुःखाला कारण आहे आणि ते दूर करता येते, हे बुद्धवचन त्यांनी सामाजिक दुःखालाही लावले. चित्रपटात निसटलेले डुक्कर शेवटी पकडून, बांबूला बांधून जब्या आणि घरचे निघतात, तेव्हा मागच्या भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई आणि इतर समाजसुधारकांची चित्रे असतात. विचार भिंतीवर पोचला आहे, व्यवहारात यायचा आहे, हे एका चौकटीत दिसते.

शेवटचा प्रश्न प्रेक्षकाचा. दुसऱ्याच्या दुःखाने आपल्याला रसास्वाद का मिळावा? भरताच्या नाट्यशास्त्रात करुण रसाचा स्थायीभाव शोक आहे. रंगमंचावरचा शोक अमुक एका माणसाचा राहत नाही, सर्वांचा होतो आणि म्हणून आस्वाद्य होतो, असे साधारणीकरणाच्या आधारे अभिनवगुप्तांनी समजावले. हे मान्य केले तरी दलिताच्या अपमानाचे साधारणीकरण करताना तो अपमान करणाराही पुसला जाण्याचा धोका उरतो. सगळ्यांचेच दुःख असे म्हटले की कुणाचाच गुन्हा उरत नाही. ‘फँड्री’ ती मोकळीक देत नाही. चिडवणाऱ्यांवर दगड भिरकावणारा जब्या शेवटचा दगड कॅमेऱ्याच्या दिशेने फेकतो. बांधावर बसून हसणारे आणि खुर्चीत बसून हळहळणारे, दोघेही बघेच आहेत, असा त्या फेकीचा अर्थ होतो.

यातून कर्मसिद्धान्त खोटा ठरतो असे नाही. आजार, अपघात, अकाली मृत्यू अशा ज्या दुःखांना माणूस कारण नसतो, तिथे प्रारब्धाचा विचार कुणाला आधार वाटू शकतो आणि चित्रपटाचा त्याच्याशी वाद नाही. वाद आहे तो त्या सिद्धान्ताच्या हद्दीबद्दल. जे दुःख माणसाच्या हुकमाने येते आणि माणसाच्या नकाराने थांबू शकते, ते प्रारब्धाच्या खात्यावर टाकता येत नाही. हुंडा, गावाबाहेरची वस्ती आणि जातीने ठरलेले काम ही तिन्ही दुःखे याच प्रकारची आहेत. त्यांचे उत्तर मागच्या जन्मापाशी मागण्याचे कारण उरत नाही, ते याच जन्मातल्या गावकऱ्यांनी द्यायचे आहे.