किल्ली कुणाकडे?

आमच्या कळमनुरीत मोटर बंद पडली की शेतकरी आधी स्टार्टरचा डबा उघडतो. हातातला फोन मात्र असा उघडता येत नाही. मग तो आपला कसा?

१९७०च्या दशकात झेरॉक्स पार्कमध्ये ॲलन के, डॅन इंगॉल्स, ॲडेल गोल्डबर्ग यांनी स्मॉलटॉक घडवली. तिथे वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम जवळजवळ नव्हतीच. खिडक्या, मेनू सगळं त्याच भाषेत. मेमरीची साफसफाई ती स्वतः करी. वापरणाऱ्याला चालू यंत्रणाच वाचता, बदलता येई. किंमत दोन गोष्टींची: वेग कमी आणि एका चुकीनं सगळं कोसळण्याचा धोका.

आईचं बँक खातं फोनवर आहे, म्हणून कुलूप मलाही हवंच. पण बिघडवायची मुभाच नसेल, तर समजून घ्यायची सवयही सुटते. कुलूप असावं, किल्ली मालकाकडे असावी.